गुण गेले, ग्वाही आली

दरवर्षी सप्टेंबरच्या अखेरीस अमेरिकेतील शिक्षण-रुग्णालयांपुढे निवासी डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांचे अर्ज एकाच दिवशी खुले होतात. त्यानंतरचे तीन-चार महिने मुंबई, पुणे, नागपूर, मिरज येथील कित्येक तरुण डॉक्टर मोबाइल उशाशी घेऊन झोपतात. मुलाखतीचे निमंत्रण ई-मेलने येते. अमेरिकेतला कामाचा दिवस म्हणजे आपली रात्र, त्यामुळे ते बहुधा रात्रीच येते आणि उपलब्ध तारखा पाहता पाहता भरतात. सकाळी उठून पत्र वाचणाऱ्याच्या वाट्याला प्रतीक्षा यादी येते. ज्यांच्या घरी असा उमेदवार आहे, त्यांना या रात्रजागराचे नवल वाटत नाही. मात्र शेजारीपाजाऱ्यांना एक प्रश्न हटकून पडतो : परीक्षा उत्तीर्ण झाली, गुणही उत्तम मिळाले, मग आता कशाची वाट पाहायची?

हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. भारतात पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाची जागा मिळते ती ‘नीट-पीजी’ या एका परीक्षेतील क्रमांकावर. क्रमांक, आरक्षण, पसंतीक्रम आणि फेऱ्या, एवढ्यावर सारा व्यवहार आटोपतो. उमेदवार वॉर्डात कसा वागतो, रात्री तीन वाजता आलेल्या रुग्णाशी कसा बोलतो, सहकाऱ्यांशी त्याचे जमते का, हे कोणी विचारत नाही. या पद्धतीचे दोष सर्वज्ञात आहेत. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरण्यासाठी पात्रतेची पर्सेंटाइल थेट शून्यावर आणावी लागली, तेव्हा ‘मेरिट’ या शब्दाचा आपल्याकडे काय अर्थ उरला आहे, तेही दिसून आले. तरीही या पद्धतीचा एक गुण मान्य करावाच लागतो. उमेदवार कोणाचा कोण, हे तिला ठाऊक नसते. अमेरिकेतील पद्धत नेमकी उलट्या बाजूने उभी आहे. तेथे परीक्षा दारापर्यंत नेते. दार उघडायचे की नाही, हे आतली माणसे ठरवतात. गेल्या काही वर्षांत परीक्षेचे वजन कमी झाले आणि आतल्या माणसांचे वाढले. महाराष्ट्रातून जाणाऱ्या डॉक्टरांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ काय, हे पाहण्यासारखे आहे.

अमेरिकेत रेसिडेन्सीच्या जागांचे वाटप ‘नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम’ ही संस्था करते. सर्वजण तिला ‘मॅच’ म्हणतात. १९५२ पासून ही व्यवस्था चालू आहे. त्याआधी रुग्णालये विद्यार्थ्यांना लवकरात लवकर अडकवण्याच्या स्पर्धेत इतकी पुढे गेली होती, की पदवीला बराच अवधी असतानाच जागा ठरून जात. मॅचमध्ये उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहितो, रुग्णालये आपल्या पसंतीचे उमेदवार क्रमाने लिहितात आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. या गणितामागच्या सिद्धान्तासाठी लॉइड शॅप्ली आणि मॅचचे गणित १९९० च्या दशकात नव्याने बांधणारे अल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. निर्दोषपणाच्या दृष्टीने या यंत्रणेकडे बोट दाखवणे कठीण आहे. उमेदवाराने मनातली खरी पसंती लिहावी, त्यात त्याचे नुकसान होत नाही, अशी तिची रचना आहे.

पण हे गणित ज्यांची मुलाखत झाली आहे त्यांच्यापुरतेच चालते. रुग्णालय ज्याला भेटलेले नाही, त्याचे नाव आपल्या यादीत सहसा घालत नाही. म्हणजे नोबेलविजेते शास्त्र सुरू होण्याआधीच खरी निवड होऊन गेलेली असते. ही पहिली चाळणी एखाद्या डॉक्टरच्या टेबलावर, दोन राउंडच्या मधल्या वेळात, हजारो अर्जांच्या ढिगाऱ्यात लागते. २०२५ च्या मॅचमध्ये ५२ हजारांहून अधिक उमेदवारांनी नावे नोंदवली आणि जागा होत्या ४३ हजारांच्या घरात. अमेरिकी एम.डी. महाविद्यालयांतील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिकांना जागा मिळाली. अमेरिकेचे नागरिक नसलेल्या व परदेशात शिकलेल्या डॉक्टरांपैकी ज्यांना जागा मिळाली, त्यांचे प्रमाण ५८ टक्क्यांच्या आसपास राहिले. या दोन आकड्यांमधले अंतर मुख्यतः मुलाखतीच्या निमंत्रणापाशी पडते.

एक काळ असा होता, की हे अंतर कापण्याचे साधन साऱ्यांना माहीत होते. अमेरिकी वैद्यकीय परवाना परीक्षेचा, म्हणजे यूएसएमएलईचा, पहिला टप्पा ‘स्टेप वन’ तीन आकडी गुण देत असे. अडीचशेच्या पुढचा आकडा मिळाला की त्या उमेदवाराचे महाविद्यालय परळचे आहे की अंबाजोगाईचे, याकडे थोडे दुर्लक्ष होत असे. जीवरसायन, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र यांचे पाठांतर ही तर भारतीय विद्यार्थ्याची हातखंडा बाब. दहावी-बारावीपासून ज्याला हेच शिकवले, त्याने दीड-दोन वर्षे ग्रंथालयात बसून हा आकडा मिळवायचा आणि त्याच्या बळावर मुलाखती मिळवायच्या, अशी रीत पडून गेली होती. तो मार्ग सोपा नव्हता, पण उघड होता. त्यासाठी कोणाची ओळख लागत नव्हती.

२६ जानेवारी २०२२ पासून ‘स्टेप वन’चे गुण देणे बंद झाले. निकाल आता उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच लागतो. हा निर्णय २०२० मध्ये जाहीर झाला, तेव्हा दिलेली कारणे पटण्याजोगी होती. परवाना देण्यासाठी घेतलेल्या परीक्षेचा वापर निवडीसाठी होऊ लागला होता. विद्यार्थी वर्ग सोडून प्रश्नसंच सोडवत बसत आणि चार-सहा गुणांच्या फरकाने, ज्याला संख्याशास्त्रात फारसा अर्थ नाही, माणसाचे भवितव्य ठरत असे. उमेदवाराकडे समग्र दृष्टीने पाहावे, ही अपेक्षा त्यामागे होती. अपेक्षा चुकीची नव्हती. प्रश्न असा होता, की मुंबईत बसलेल्या उमेदवाराचे ‘समग्र’ दर्शन अमेरिकेतल्या वाचणाऱ्याला घडणार कसे?

गुण पुसले गेले तरी अर्जांची संख्या कमी झाली नाही. वाचणाऱ्याला कशावर तरी बोट ठेवावे लागते. त्यातले पहिले बोट साहजिकच दुसऱ्या टप्प्याकडे, ‘स्टेप टू सीके’कडे वळले. त्याचे तीन आकडी गुण कायम आहेत. म्हणून आज अर्ज करणाऱ्या परदेशी डॉक्टरच्या हाती अर्ज खुले होण्याआधी या परीक्षेचा निकाल असणे अत्यावश्यक मानले जाते. मात्र या आकड्याचे काम आता प्रामुख्याने वगळण्याचे आहे. संगणकाला सांगितले जाते : अमुक गुणांच्या खालचे दाखवू नकोस, एखाद्या टप्प्यात नापास झालेले दाखवू नकोस, पदवी घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ झालेले दाखवू नकोस, व्हिसा लागणारे दाखवू नकोस. प्रत्येक रुग्णालयाची चाळणी वेगळी, पण जाळीचे धागे हेच.

यातला पदवीच्या वर्षाचा धागा महाराष्ट्रातील सरकारी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना विशेष बोचतो. एम.बी.बी.एस.नंतर एक वर्षाची शासकीय सेवा किंवा १० लाख रुपयांचा दंड, असे बंधपत्र त्यांनी लिहून दिलेले असते. सेवा करावी तर एक वर्ष जाते, परीक्षांची तयारी लांबते आणि तिकडची घड्याळे पदवीच्या दिवसापासून चालू झालेली असतात. दंड भरावा तर तो भरण्याची ऐपत हवी. ज्याच्या वडिलांना १० लाख रुपये जड नाहीत, तो वर्षभर पुढे निघून जातो. वस्तुतः प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलेल्या त्या वर्षात सर्पदंशापासून अडलेल्या बाळंतिणीपर्यंत जे हाताळावे लागते, ते अमेरिकेतल्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या अनुभवापेक्षा कमी नसते. पण अर्जात त्याची नोंद बहुधा ‘वैद्यकीय अधिकारी, एक वर्ष’ अशा कोरड्या ओळीत आटोपलेली आढळते.

अर्जातील अनुभवांची ही जागा २०२३ पासून बदलली. पूर्वी वाटेल तितक्या नोंदी करता येत. आता दहाच आणि त्यातल्या तीन सर्वांत अर्थपूर्ण म्हणून निवडून त्यांच्याविषयी थोडे लिहायचे. आपल्याकडील विद्यार्थ्याला येथे अडखळायला होते. शाळेपासून त्याने स्वतःविषयी लिहिलेले असते ते ‘माझा आवडता छंद’ या निबंधात, आणि तेही फळ्यावरून उतरवून. रक्तदान शिबिर, पल्स पोलिओ, वक्तृत्व स्पर्धा अशी जंत्री तो देतो. वाचणाऱ्याला त्यातून माणूस दिसत नाही. ढोल-ताशा पथकात दोनशे जणांचा सराव सांभाळणाऱ्याला किंवा सिंहगडाच्या वाटेवर दर रविवारी दिसणाऱ्याला ती गोष्ट अर्जात लिहिण्याजोगी वाटत नाही. मुलाखतीत मात्र त्याच गोष्टींवर दहा मिनिटे गप्पा होतात, असे तेथे गेलेले सांगतात.

तथापि अर्जातले खरे वजन आहे ते शिफारसपत्रांचे. एका रुग्णालयाला जास्तीत जास्त चार पत्रे पाठवता येतात. आपल्याकडील शिफारसपत्राचा नमुना सर्वांच्या परिचयाचा आहे : सदर विद्यार्थी हुशार, कष्टाळू व सद्वर्तनी असून त्याच्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. बोनाफाइड दाखल्याचाच हा थोरला भाऊ. विभागप्रमुखांच्या हाताखाली दीडशे-दोनशे विद्यार्थी, बाह्यरुग्ण विभागात रांगा, त्यात पत्र लिहायला वेळ कोणाला? ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. त्यात सरांचा दुष्टावा नसतो, उलट मायाच असते. पण अशा पत्राची भाषा पहिल्या दोन ओळींत ओळखू येते आणि विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिलेले गुणगान वाचण्यात तिकडच्या डॉक्टरला रस नसतो.

तेथे पत्र उमेदवाराला न दाखवता थेट पाठवले जाते. ते पाहण्याचा हक्क आपण सोडत आहोत, असे उमेदवाराने अर्जातच नमूद करावे, असा प्रघात आहे. न सोडल्यास पत्राची किंमत घसरते. चांगल्या पत्रात एखादा रुग्ण असतो, एखादी रात्र असते, एखादी चूक आणि ती कशी दुरुस्त केली हे असते. ‘मी याला माझ्या विभागात आनंदाने घेईन’ आणि ‘याची शिफारस करतो’ या दोन वाक्यांमधले अंतर जाणकारांना चांगले कळते. दुसरे वाक्य जवळजवळ नकारच. आपत्कालीन वैद्यकशास्त्रात तर हे संकेत इतके गुंतागुंतीचे झाले, की तेथील विभागांनी साच्यातले मूल्यमापनपत्रच तयार केले. त्यात उमेदवार इतरांच्या तुलनेत कुठे बसतो, हे सांगावेच लागते.

आता असे पत्र लिहिणारा अमेरिकी डॉक्टर भेटणार कोठे? त्यासाठी तेथील रुग्णालयात काही आठवडे काढले पाहिजेत. येथून पुढे प्रश्न बुद्धीचा न राहता कालनिर्णयाचा आणि पैशाचा होतो. पदवी हाती पडण्याआधी गेलेल्या विद्यार्थ्याला ‘इलेक्टिव्ह’ मिळू शकते. तो तेथील विद्यार्थ्यांप्रमाणे रुग्ण तपासतो, टिपणे लिहितो, राउंडला रुग्णाची माहिती सांगतो. पदवीनंतर गेलेल्याच्या वाट्याला बहुधा ‘ऑब्झर्व्हरशिप’ येते, म्हणजे हाताची घडी घालून पाहणे. हाताची घडी घातलेल्या माणसाविषयी कोणी किती लिहिणार? पहिल्या प्रकाराचे मोल दुसऱ्यापेक्षा कितीतरी अधिक आहे आणि त्यासाठी एम.बी.बी.एस.च्या शेवटच्या वर्षातच सारे ठरलेले हवे. हे ज्याला तिसऱ्या वर्षी समजते आणि ज्याला इंटर्नशिप संपल्यावर समजते, त्या दोघांच्या अर्जांत पुढे आयुष्यभराचा फरक पडू शकतो.

समजते कोणाला? मुंबई-पुण्यातील जुन्या महाविद्यालयांचे माजी विद्यार्थी १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले. त्यांच्यापाठोपाठ दर पिढीतले काही जात राहिले. त्यामुळे तेथील विद्यार्थ्याला ‘आपला सीनिअर’ कुठल्या ना कुठल्या रुग्णालयात सापडतो. कोणत्या महिन्यात अर्ज करायचा, कोणत्या डॉक्टरला पत्र मागायचे, हे सारे त्याला वसतिगृहाच्या खोलीतच कळते. महिनाभर राहण्यासाठी न्यू जर्सीत मावशी असली, तर खर्च निम्म्यावर येतो. लातूर किंवा अकोल्याच्या महाविद्यालयातून आलेल्या, घराण्यातला पहिलाच डॉक्टर असलेल्या मुलाकडे यातले काही नसते. त्याच्यासाठी मग बाजार आहे. पैसे घेऊन ऑब्झर्व्हरशिप जुळवून देणारे, पत्र ‘मिळवून’ देणारे आणि शोधनिबंधात नाव घालून देणारे मध्यस्थ उघडपणे जाहिराती करतात. अशा ठिकाणचे पत्र कोणत्या पत्त्यावरून आले, हेही अनुभवी वाचकाला कळते, ही त्यातली शोकांतिका. पैसे जातात ते जातातच, शिवाय संशय पदरी पडतो.

शोधनिबंधांचेही असेच झाले आहे. मॅचच्या २०२४ च्या आकडेवारीत मेंदूशल्यचिकित्सेसाठी निवडल्या गेलेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या नावावर सरासरी ३७ निबंध, सारांश व सादरीकरणे होती. दोन वर्षांपूर्वी हा आकडा २५ च्या आसपास होता. चार वर्षांच्या शिक्षणात ३७ गोष्टी शोधून काढणारी पिढी एकाएकी जन्माला आली, असे मानण्याचे कारण नाही. मोजमापाची एक फूटपट्टी काढून घेतली की विद्यार्थी दुसरी धरतात. सामान्य वैद्यकशास्त्र किंवा बालरोग अशा शाखांत, जेथे भारतीय डॉक्टर प्रामुख्याने जातात, तेथे एवढ्या भाराची गरज नसते. एखादा निबंध, पण त्यातला प्रत्येक आकडा स्वतः काढलेला, एवढे पुरते. मुलाखतीत त्यावर दोन प्रश्न विचारले जातात आणि नावापुरता लेखक दुसऱ्या प्रश्नाला सापडतो.

गेल्या काही वर्षांतला सर्वांत मोठा बदल मात्र याहून वेगळा आहे आणि त्याची आपल्याकडे पुरेशी चर्चा होत नाही. त्याचे नाव ‘सिग्नल’. अर्ज करणे संगणकामुळे सोपे झाले तसे उमेदवार शंभर-दीडशे ठिकाणी अर्ज करू लागले. रुग्णालयांना कळेना, की यातले खरोखर यायला इच्छुक कोण. २०२० मध्ये कान-नाक-घसा शाखेने एक युक्ती केली. प्रत्येक उमेदवाराला पाच खुणा दिल्या आणि ‘आपल्याला मनापासून हवे’ त्या रुग्णालयांवर त्या खर्च करायला सांगितल्या. ही कल्पना भराभर पसरली. अस्थिरोग शाखेत ३० सिग्नल आहेत. सामान्य वैद्यकशास्त्रात २०२४-२५ च्या हंगामापासून ३ सुवर्ण व १२ रौप्य असे १५ सिग्नल मिळू लागले. ज्यांनी सिग्नल दिला त्यांना निमंत्रण मिळण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते आणि ज्यांनी दिला नाही त्यांचे अर्ज मागे पडतात, हे आतापर्यंतच्या हंगामांतून दिसले आहे. शंभर अर्जांपैकी खरी लढत त्या पंधरांतच.

साहजिकच सिग्नल कुठे द्यायचा, ही आता परीक्षेइतकीच मोठी कसोटी आहे. घरात सर्वांना माहीत असलेल्या नामांकित विद्यापीठांवर तिन्ही सुवर्ण सिग्नल उधळणारे उमेदवार दरवर्षी असतात. त्या विद्यापीठांकडे परदेशी पदवीधर वर्षाकाठी एखादा येतो किंवा येतच नाही. त्याउलट न्यूयॉर्कच्या उपनगरांत, मिशिगनमध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या छोट्या शहरांत अशी रुग्णालये आहेत, की जेथे सामान्य वैद्यकशास्त्राचा अर्धाअधिक विभाग परदेशी पदवीधरांचा असतो. बहुतेक रुग्णालये आपल्या सध्याच्या निवासी डॉक्टरांची नावे व महाविद्यालये संकेतस्थळावर देतात. शहाणा उमेदवार ती यादी पंचांगासारखी वाचतो : भारतातले किती, व्हिसा कोणता, मागच्या तीन वर्षांत आपल्यासारखे कोणी घेतले का. सिग्नलबरोबरच देशातील नऊ भौगोलिक विभागांपैकी तीनपर्यंत पसंतीचे विभाग सांगण्याची व कारण लिहिण्याची सोय आहे. ‘कुठेही चालेल’ हे आपल्याकडे नम्रतेचे उत्तर. तेथे ते अनास्थेचे वाटू शकते.

शुल्काची रचनाही आता अंदाधुंद अर्ज करणाऱ्याला रोखणारी आहे. २०२४-२५ च्या हंगामात एका शाखेतील पहिल्या ३० अर्जांना प्रत्येकी ११ डॉलर आणि त्यापुढच्या प्रत्येक अर्जाला ३० डॉलर असा दर होता. शंभर ठिकाणी अर्ज करणाऱ्याला त्यामुळे २,४३० डॉलर, म्हणजे दोन लाखांहून अधिक रुपये मोजावे लागले. त्यात परीक्षांचे शुल्क, प्रवास आणि तेथील मुक्काम धरलेला नाही. तरीही परदेशी उमेदवार शंभरच्या पुढे जातात, कारण नाकारले जाण्याची भीती शुल्कापेक्षा मोठी असते.

सारेच बदल मात्र परक्याच्या विरोधात गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. करोनाकाळात, २०२० मध्ये, मुलाखती संगणकाच्या पडद्यावर आल्या आणि बहुतांश ठिकाणी त्या तशाच राहिल्या. पूर्वी प्रत्येक मुलाखतीसाठी विमानाने, बसने, कडाक्याच्या थंडीत एका शहरातून दुसऱ्या शहरात जावे लागे. व्हिसा वेळेत न मिळाल्याने हाती आलेली निमंत्रणे वाया जात. आता दादरच्या घरातील एका खोलीत, मागे पांढरी भिंत आणि घरच्यांना कुकर न लावण्याची ताकीद, एवढ्यावर मुलाखत पार पडते. पूर्व किनाऱ्यावरची सकाळी आठची मुलाखत थंडीच्या दिवसांत आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, कॅलिफोर्नियातली रात्री साडेनऊला. शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना मध्यरात्र उलटलेली असते. रुग्ण-संवादाची ‘स्टेप टू सीएस’ ही परीक्षा देण्यासाठी अमेरिकेतील पाच शहरांपैकी एकात जावे लागे, तीही २०२१ मध्ये कायमची बंद झाली. इंग्रजी संभाषणाची पर्यायी परीक्षा भारतात देता येते. २०२३ मध्ये भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाला जागतिक वैद्यकशिक्षण महासंघाची दहा वर्षांसाठी मान्यता मिळाल्याने महाविद्यालयाच्या दर्जाविषयीची टांगती तलवारही दूर झाली.

हे मिळवलेले २०२५ ने बऱ्याच अंशी हिरावून घेतले. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस अमेरिकी सरकारने विद्यार्थी व विनिमय व्हिसाच्या नव्या मुलाखती देणे थांबवले. जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू झाले, पण रेसिडेन्सी सुरू होते १ जुलैच्या सुमारास. जागा मिळवलेल्या डॉक्टरांना ते तीन आठवडे कसे गेले असतील, याची कल्पना करता येते. सप्टेंबरमध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारी घोषणा झाली, तीही अर्ज खुले होण्याच्या तोंडावर. पन्नासहून अधिक वैद्यकीय संघटनांनी डॉक्टरांना त्यातून वगळण्याची मागणी केली. एका निवासी डॉक्टरच्या वर्षाच्या पगाराहून मोठी असलेली ही रक्कम कोणते रुग्णालय भरणार? जे-वन व्हिसाचा मार्ग वेगळा आहे, पण त्यात शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट आहे आणि ती माफ करून घ्यायची तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा करावी लागते. म्हणजे गडचिरोलीतली सेवा टाळून गेलेला एखादा डॉक्टर पुढे नॉर्थ डाकोटातल्या खेड्यात तीच सेवा करताना दिसू शकतो.

अमेरिकेला या डॉक्टरांची गरज नाही, अशातला भाग नाही. तेथील दर चार डॉक्टरांमागे एक परदेशात शिकलेला आहे आणि त्यांत भारताचा वाटा सर्वांत मोठा आहे. ग्रामीण भागातील कित्येक रुग्णालयांचे वैद्यक विभाग त्यांच्यावर चालतात. पण गरज असणे आणि निमंत्रण देणे या दोहोंमध्ये एक वाचणारा माणूस बसलेला आहे आणि त्याला अनोळखी नावामागे उभे राहणारे कोणीतरी हवे असते. पूर्वी ते काम तीन आकडी संख्या करीत असे. संख्येला गावाचे नाव, वडिलांचा व्यवसाय, मावशीचा पत्ता ठाऊक नव्हता. पत्राला तो असतो. समग्र मूल्यमापनाने अमेरिकी विद्यार्थ्याचा ताण कितपत कमी झाला, यावर तेथे वाद चालू आहे. लातूरच्या मुलाच्या हातचे एक साधन मात्र गेले, यात वाद नाही.

त्याची भरपाई आपल्या महाविद्यालयांना काही प्रमाणात करता येण्यासारखी आहे आणि त्यासाठी अमेरिकेची परवानगी लागत नाही. अर्जासोबत अधिष्ठात्यांचे मूल्यमापनपत्र जोडावे लागते. अमेरिकी महाविद्यालयांत ते तयार करणारा स्वतंत्र विभाग असतो. प्रत्येक विषयात विद्यार्थी वर्गाच्या कोणत्या स्तरात होता, वॉर्डातील शिक्षकांचे शेरे काय होते, हे त्यात येते. आपल्याकडे वॉर्डातील शेरे लिहून ठेवण्याची पद्धतच बहुतेक ठिकाणी नाही. लॉगबुकवर सही असते, मत नसते. इंटर्नशिपच्या प्रत्येक पोस्टिंगनंतर चार खऱ्या ओळी लिहिण्याची सवय विभागांनी लावली, तर अमेरिकेला न जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपण कसे डॉक्टर आहोत, हे एकदा कोणाकडून तरी कळेल. सध्या ते त्याला फक्त गुणपत्रिका सांगते.

दरम्यान, अमेरिकी मुलाखतींचा हंगाम आणि ‘नीट-पीजी’च्या प्रवेशफेऱ्या एकमेकांत मिसळू लागल्या आहेत. २०२५ ची परीक्षा ऑगस्टमध्ये झाली आणि प्रवेशप्रक्रिया वर्षाच्या अखेरीस चालू राहिली. नेमक्या त्याच आठवड्यांत रात्रीच्या मुलाखती होत्या. अनेकांनी दोन्ही दारे उघडी ठेवलेली असतात. मॅचचा निकाल लागतो मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी, इकडे जागा स्वीकारायची की सोडायची ते त्याच्या कितीतरी आधी सांगावे लागते, आणि स्वीकारलेली जागा पुढे सोडली तर दंड आहे. हाती सुवर्ण सिग्नल दिलेल्या एका रुग्णालयाची आणि इतर दोन ठिकाणची, अशा तीन मुलाखती आहेत. इकडे विकृतिशास्त्राची जागा चालून आली आहे आणि होकार कळवायला दोन दिवस उरले आहेत. अशा वेळी आई-वडील विचारतात, तीन म्हणजे पुरेशा का रे?